सासूबाईंना (वय 58) स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' आहे. सोयाबीन, दूध बंद करायचं का? आणि फक्त गाठच काढली, ते पुरेल का?

बंद करू नका. मी डॉक्टर नाही, पण 2017 साली माझ्या आईचं असंच ऑपरेशन झालं आणि तुम्ही आज ज्या घोळात आहात, तोच मी घरात घालून ठेवला होता.

आम्ही चाळीसगाव तालुक्यातले. आईच्या हाताला आंघोळीत गाठ लागली, ती तिने कापूस वेचून होईपर्यंत कोणाला सांगितली नाही. "दुखस नही ना, मंग कसाले डॉक्टर?" (कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे आम्हाला मागाहून कळलं.) रिपोर्टात ईआर पॉझिटिव्ह वाचून मला वाटलं, हिच्या अंगात हार्मोन वाढलेत. झालं! दूध बंद, सोयाबीनच्या वड्या बंद, भाजीवरची तर्रीसुद्धा बंद. वर रोज सकाळी गव्हांकुराचा रस. केमो चालू असताना सहा किलो वजन उतरलं, तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला बाहेर बोलावून विचारलं, "आईला उपाशी ठेवताय का हो?"

ईआर पॉझिटिव्ह म्हणजे अंगात हार्मोन जास्त, असं नाही. गाठीतल्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन (मुख्यतः अंडाशयात बनणारं बायकांचं हार्मोन) धरून ठेवणारी प्रथिनं आहेत आणि त्या इस्ट्रोजेनवर ती गाठ वाढते, एवढाच त्याचा अर्थ. खरं तर त्यातल्या त्यात बरी बातमी, कारण त्यावर गोळी चालते. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी 1896 सालीच दाखवलं होतं, की अंडाशय काढले तर काही बायकांच्या स्तनातली पसरलेली गाठ आटते. इस्ट्रोजेन सापडायला तेव्हा अजून तीसेक वर्षं होती.

पाळी गेल्यावर अंडाशय थांबतात, पण अंगातल्या चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम इस्ट्रोजेन बनवत राहतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या तेच अडवतात. म्हणून उपचार संपल्यावर वजन वाढू न देणं कामाचं, दुधाचा पेला हिसकावणं नाही.

सोयाबीनची भीती का, तर त्यातली आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखी दिसतात. पण शांघायमध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या 5,042 बायकांचा अभ्यास 2009 साली छापून आला, त्यात सोया जास्त खाणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण कमीच दिसलं. म्हणून सोयाबीन औषध ठरत नाही, पण वड्यांची भाजी बिनधास्त करा. सोयाच्या गोळ्या-पावडरी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

फक्त गाठ काढली म्हणून घाबरू नका. इटलीत वेरोनेसी आणि अमेरिकेत फिशर या सर्जननी ऑपरेशन झालेल्या बायकांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं. 2002 साली दोघांचे निकाल आले: गाठ काढून रेडिएशन दिलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगल्या. रेडिएशन सांगितलं असेल तर तेवढं चुकवू नका.

आता खरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. वर्षभराने मी घर आवरताना पत्र्याचा डबा उघडला. बाजरीच्या पिठाखाली लेट्रोझोलच्या चार पाकिटांची थप्पी, एकही गोळी फोडलेली नाही. आईचं म्हणणं, "गुडघे धरतात, म्हणून सोडली." खोटं नव्हतं, या गोळ्यांनी सांधे दुखतात आणि हाडंही ठिसूळ होतात. डॉक्टरांनी हाडांची घनता तपासली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केलं, रोज चालायला लावलं, गोळीचा ब्रँड बदलून पाहिला. दोन महिन्यांनी दुखणं सोसण्याइतकं आलं.

तेव्हा सासूबाईंना "गोळी घेतली का?" असं विचारू नका, "हो" म्हणतील. पाकीट बघा. आमच्याकडे ते आता देवाच्या फळीवर असतं. आई दिवा लावते, गोळी घेते आणि मग कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत खाते, तेलाचा हात न आखडता. तिच्या वजनावरून आमची अजून भांडणं होतात.