कचरा वेगळा केला, पुढे काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: आम्ही बेळगावच्या टिळकवाडीत राहतो. घरात ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवतो, पण कचरागाडीत दोन्ही एकत्रच ओतले जातात. मग वेगळे करण्याचा उपयोग काय?

उत्तर: ही तक्रार रास्त आहे. घन कचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करून देण्याची जबाबदारी घरांवर टाकली. त्याच नियमांनी वेगळा मिळालेला कचरा वेगळाच उचलण्याची आणि वाहून नेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवरही टाकली. त्यामुळे गाडीत सरमिसळ होत असेल, तर तो तुमच्या घराचा नव्हे, व्यवस्थेचा दोष आहे. बेळगावचा कचरा तुरमुरीच्या डेपोवर जातो. तेथे भाजीच्या देठांत आणि शिळ्या भातात लडबडलेला कागद किंवा प्लास्टिक भंगारवाला घेत नाही, आणि काचा व बॅटऱ्या मिसळलेल्या ओल्या कचऱ्याचे खत शेतकरी शेतात टाकत नाही. अशा कचऱ्याचा ढीग दाबला गेला की हवेअभावी तो आतून कुजतो, त्यातून मिथेन वायू निघतो आणि पावसाळ्यात काळे सांडपाणी झिरपते. याचा त्रास शहराला नव्हे, तर डेपोशेजारच्या गावांना सोसावा लागतो.

म्हणून वेगळे करणे सोडू नका, मात्र गप्पही बसू नका. गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ लिहून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या आणि एक प्रत नगरसेवकांना द्या. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे राज्यघटनेचे कलम 243 एस सांगते. 58 प्रभागांच्या बेळगावला ते लागू आहे आणि हा विषय अशाच समितीत मांडण्याचा आहे. गाडीवरच्या कामगाराशी मात्र वाद घालू नये. गाडीत कप्पेच नसतील, तर तो तरी काय करणार?

प्रश्न: निपाणीत आमच्या घरी विड्या वळल्या जातात. पानांचे तुकडे आणि तंबाखूची भुकटी ओल्या कचऱ्यात टाकावी का?

उत्तर: दोन्हींचा विचार वेगळा करावा. विडीच्या पानांचे कातरलेले तुकडे खतासाठी उत्तम आहेत. स्वयंपाकघरातील ओलसर कचऱ्यावर त्यांचा थर दिल्यास जादा ओल शोषली जाते आणि वास येत नाही. पावसाळ्यात खताची बादली चिखलासारखी होते, तेव्हा हेच तुकडे किंवा भाताचे तूस उपयोगी पडते. तंबाखूची भुकटी मात्र घरच्या खतात घालू नये. तिच्यातील निकोटीन विषारी असते आणि ते त्वचेतूनही शरीरात जाते. शिवाय तंबाखूवरील मोझॅक विषाणू वाळलेल्या पानांतही दीर्घकाळ टिकतो आणि टोमॅटो व मिरचीच्या झाडांना लागतो. ही भुकटी पुडीत बांधून वेगळी द्यावी, आणि परसात जाळू तर मुळीच नये. खरे तर ज्या गावात इतक्या स्त्रिया घरबसल्या हे काम करतात, तेथे ही भुकटी विडी कारखानदारांनीच परत नेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. नगरसभेने तसा ठराव करावा, अशी मागणी तुम्ही जरूर करा.

प्रश्न: खानापूर तालुक्यातील आमची ग्रामपंचायत कचऱ्यासाठी दरमहा पैसे मागते. ते द्यावेत का?

उत्तर: पंचायतीने तसा ठराव केला असेल, तर द्यावेत. ठरावाची प्रत मागण्याचा आणि ग्रामसभेत हिशेब विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. कर्नाटकातील अनेक पंचायतींत ‘स्वच्छ वाहिनी’ गाड्या बचत गटांतील महिला चालवतात. त्यांचे मानधन वेळेवर मिळते का, हे हिशेबात आधी पाहावे.

प्रश्न: कचऱ्याविषयीच्या सूचना केवळ कन्नडमध्ये येतात. आईला त्या वाचता येत नाहीत. मराठीतून मागता येतील का?

उत्तर: होय. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या मान्य तरतुदींनुसार, ज्या तालुक्यात किंवा नगरपालिका क्षेत्रात एखादी भाषा बोलणारे 15 टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, अशी अपेक्षा आहे. कन्नड सूचना असावीच. सोबत मराठीही असली, तर कचरा प्रत्यक्ष वेगळा करणाऱ्या व्यक्तीपर्यंत ती पोहोचेल. अर्जात याच तरतुदीचा उल्लेख करावा आणि कन्नड सूचनेचा मराठी मसुदा सोबत जोडावा, म्हणजे अनुवादासाठी वेळ लागेल ही सबब उरणार नाही.