सिव्हिल करून जुने पूल जपण्याच्या कामात पोट भरतं का?

कोल्हापुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि जुने पूल, बंधारे जपण्याचं काम करायचंय, पण घरचे विचारतात की त्यात पोट भरतं का. भरतं भावा, पण सावकाश. मी पहिली काही वर्षं घरांचे स्लॅबच तपासले. आमच्याकडे अजून पाहुण्यांना सांगतात, "हा पुलाखाली बसतो."

खोटं नाही ते. दगडी पूल वरून बघून काही कळत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खाली उतरायचं. पुरानं खांबाच्या बुडाची माती किती खरवडून नेली? कमानीच्या पोटाला पांढरे ओघळ आहेत का? असतील तर वरचं पाणी आत मुरतंय आणि चुना धुऊन बाहेर आणतंय. पिंपळ कुठं रुजलाय? तो वरून छाटून फोटो काढणारे महाभाग पुष्कळ. मूळ आत तसंच राहतं.

माझी चूकही सांगतो. सुरुवातीला एका लहान पुलाच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, मी सिमेंटनं भरू दिल्या. चकाचक दिसल्या. चुना थोडं हलणं सोसतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंटला दोन्ही जमत नाही. काही वर्षांत त्याच्या खपल्या सुटल्या, मागचा चुना भुसभुशीत. एका म्हाताऱ्या गवंड्यानं तो बोटानं उकरून दाखवला. बोलला काहीच नाही.

आपला पंचगंगेवरचा शिवाजी पूल १८७०च्या दशकातला. शेजारच्या नव्या पुलाचं काम रखडलं, कारण जवळची ब्रह्मपुरीची टेकडी पुरातत्त्वाच्या कायद्यानं संरक्षित आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला मनाई. म्हणजे एक वारसा जपायच्या नियमापायी दुसरा वारसा रत्नागिरी रस्त्याची सगळी वाहतूक अंगावर घेत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये मिनी बस त्याचा कठडा तोडून पंचगंगेत पडली, १३ जण गेले. नवा पूल २०१९ मध्ये सुरू झाला. जतनवाल्यांनी नव्या पुलाला विरोधच करायचा असतो, असं तुला कुणी शिकवलं तर ही गोष्ट आठव. म्हाताऱ्या पुलाला सगळ्यात जास्त आराम शेजारच्या काँक्रीटनं दिला.

शिक्षणाचं म्हणशील तर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये जतनाचा अभ्यासक्रम आहे, आणि आयआयटी मद्रासमध्ये वारसा वास्तूंच्या सुरक्षिततेचं राष्ट्रीय केंद्र. पण त्याआधी आपल्या भागातलंच बघ. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप कसे उघडतात, ते कागदावर काढून बघ. आणि 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' देशभर याच नावानं शिकवतात, तो तुझ्या दारात आहे. पुराच्या दिवसांत राजाराम बंधाऱ्यावरचे ३९ आणि ४३ फूट, म्हणजे इशारा आणि धोक्याची पातळी, एवढंच आपण बघतो. पावसाळा संपला की तिथं पाणी अडवायला खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात, तेव्हा जा. चप्पल मात्र जुनी घाल.