पद्मिनी आयडलिंगला मिस मारते, मेकॅनिक म्हणतो पूर्ण इंजिन खोला. खोलू का?

थांबा जरा. 1986 ची पद्मिनी गाडी, आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) मिस मारते, म्हणजे एखादा सिलेंडर पेटायचा चुकतो, स्पीडला बरी चालते, प्लग नवे टाकूनही फरक नाही आणि टॅपेटचा (व्हॉल्व ढकलणाऱ्या भागाचा) आवाज तर अजिबात नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे माझा पहिला संशय एक्झॉस्ट व्हॉल्ववर, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेवर. तसं असेल तर हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, उतरवून काम भागतं, पिस्टनपर्यंत जायचं कारण नाही.

आवाज नाही म्हणून तुम्ही खूश दिसताय, मला तिथेच शंका आली. टॅपेट थोडं वाजलेलं परवडलं पण टाइट, म्हणजे गॅप न उरलेलं, नको. व्हॉल्व आपली बरीचशी उष्णता सीटवर (तो बसतो त्या कड्यावर) टेकूनच बाहेर सोडतो, गॅप संपला की तो नीट टेकत नाही, तापत राहतो आणि कडेला जळतो. त्यात 2000 पासून पेट्रोलमधलं शिसं गेलं, जुन्या सीटना त्याचा आधार होता, सीट झिजली की व्हॉल्व वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होतो.

आधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन टॅपेट बघा, गॅप मॅन्युअलप्रमाणेच. फायरिंग, म्हणजे सिलेंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2 आहे, त्यामुळे 4 नंबरच्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व एकत्र हलत असतील तेव्हा 1 चे सेट करायचे, 3 चे हलत असतील तेव्हा 2 चे, आणि उलटंही तसंच, दोन्ही नंबरांची बेरीज पाच आली पाहिजे बस.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमधला दाब, गेज लावून मोजा. चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. एक सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. प्रेशर वाढलं तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, हललंच नाही तर व्हॉल्व. शेजारशेजारचे दोन सिलेंडर सारखेच खाली असतील तर हेड गॅस्केट बघा. हे न करता जो थेट पूर्ण इंजिन खोला म्हणतो त्याला मी तरी गाडी देणार नाही.

हेड उतरलं की ठाण्यात वागळे इस्टेटला लेथवाले आहेत, त्यांना सीट कटिंग (सीट नव्याने कापणं) आणि हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) दोन्ही सांगा, अॅल्युमिनियमचं हेड आहे, कधीतरी गरम झालं असेल तर वाकलेलं असतं. एक्झॉस्ट सीट कडक मटेरियलच्या बसवून घ्या. जळलेला व्हॉल्व पेस्ट लावून घासत बसू नका, नवाच टाका. गाइडमधे (व्हॉल्वची दांडी सरकते त्या नळीत) व्हॉल्व डुगडुगतोय का तेही बघायला सांगा. घोडबंदरला गायमुखचा उतार उतरून परत अॅक्सिलरेटर दिला की मागे निळा धूर येतो का? येत असेल तर गाइड किंवा ऑइल सील गेलीत, तेही त्याच खर्चात उरकून घ्या.

हेड परत बसवण्याआधी प्लग लावून, हेड उलटं ठेवून प्रत्येक चेंबरमधे रॉकेल ओता, पोर्टमधून पाझरलं तर हेड घेऊ नका, तिथेच परत करून मागा. आणि थोडी गाडी चालली की टॅपेट पुन्हा चेक करा, नव्या सीट बसताना गॅप बदलतो.