खानापूर भागात अशक्तपणा म्हटला की पिवळं सलाईन लावतात. त्यातली जीवनसत्त्वं खरंच अंगात मुरतात का?

मुरतात, पण शरीरात तूट असेल तेवढीच. बाकीची बहुतेक लघवीवाटे जातात. मी बेळगावात औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, खानापूर-निपाणीकडच्या असल्या चिठ्ठ्या रोज बघतो. गोळीला आतड्याची वेस ओलांडावी लागते आणि तिथे एका वेळी ठरावीकच माल आत घेतात. सी व्हिटॅमिनचं बघा: तोंडावाटे रोज 200 ते 400 मिलिग्रॅम गेलं की रक्तातली पातळी जवळपास तिथेच अडते, पुढे कितीही गिळा. सलाईनने ही वेस टळते, पातळी कित्येक पट चढते. मात्र रक्तातून पेशीत शिरायला पुन्हा वाहक प्रथिनं लागतात, त्यांचीही मर्यादा आहेच. पेशी भरल्या की मूत्रपिंड उरलेलं काही तासांत बाहेर टाकतं. सलाईननंतर लघवी गर्द पिवळी होते ती त्यातल्या बी2 मुळे, म्हणजे पैसे मोजलेला रंग मोरीत. सतत उलट्या, आतड्याचं मोठं ऑपरेशन, दारूमुळे बी1 ची तीव्र कमतरता, अशा वेळी शिरेतून देणं खरंच गरजेचं. बी12 पोटातून शोषलं जात नसेल तर स्नायूत इंजेक्शन पुरतं. यकृत ते साठवून ठेवतं. एरवी नीट जेवणाऱ्याला सलाईननंतर जी तरतरी वाटते, ती बरीचशी पाण्या-मिठाची. एक मात्र बघा: मूत्रपिंडाचा आजार किंवा जी6पीडी या, रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल, तर सी चा मोठा डोस शिरेतून घेऊ नका, पहिल्यात मूत्रपिंडात ऑक्झलेट (सी पासून बनणारा क्षार) साचतं, दुसऱ्यात तांबड्या पेशी फुटतात.