एमएमपीला व्हिलन ठरवण्याआधी

अगं, तुझं प्रपोजल रात्री वाचून काढलं. मेहनत दिसतेय, वाचनही बरंच केलंयस, पण पहिल्याच पानावर तू लिहिलंयस ना, की एमएमपी (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज) म्हणजे टिश्यू खाणारे एन्झाइम, त्यामुळं आपला झाडपाल्याचा अर्क त्यांना जितका जास्त अडवेल तितकी जखम लवकर भरेल, तिथंच मी अडकले. या एका वाक्यावर तुझं पुढचं सगळं काम उभं राहणार आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रंकाळ्यावर पडून गुडघा फुटला असं समज. खपली धरली, आता कडेच्या कातडीच्या पेशींना, म्हणजे केराटिनोसाइट्सना, सरकत सरकत मधे यायचंय, पण खाली टाइप वन कोलॅजन, म्हणजे कातडीला बळकटी देणारं प्रथिन, आहे आणि त्याला त्या इंटिग्रिननं, म्हणजे पेशीवरच्या पकड घेणाऱ्या प्रथिनानं, घट्ट चिकटतात. चिकटल्या की त्या एमएमपींपैकीच एक, एमएमपी-१, सोडतात, ते कोलॅजन कापतं, पकड सैल होते आणि पेशी पुढं सरकते. एमएमपी-१ चं काम बंद पाडलं तर प्लेटमधे कोलॅजनवर ठेवलेल्या केराटिनोसाइट्स सरकतच नाहीत, हे प्रयोगात दिसलेलं आहे. म्हणजे तुझा अर्क खरंच जबरदस्त निघाला तर तो जखम भरणंच थांबवू शकतो की नाही? याचा विचार प्रपोजलमधे कुठंच नाही.

आणि ते कापणं किती नेमकं असतं बघ. कोलॅजनच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, साधे प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारे एन्झाइम, त्यांना सहसा दाद देत नाहीत, पण एमएमपी-१ एका ठरलेल्या जागीच घाव घालतं, तीन चतुर्थांश आणि एक चतुर्थांश असे दोन तुकडे पडतात, ते शरीराच्या तापमानाला आपोआप उलगडून जिलेटिन होतात आणि मग एमएमपी-२ आणि ९ त्याचा फडशा पाडतात. मला हे आजही विलक्षण वाटतं.

या एन्झाइमचा शोधसुद्धा कुठल्या रोगात लागलेला नाही. १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर हे दोघं बेडकाच्या पिल्लाचं शेपूट जातं कुठं हे शोधत होते, त्यात कोलॅजन कापणारं हे एन्झाइम, कोलॅजिनेज, सापडलं. शेपूट जायलाच पाहिजे, नाहीतर बेडूक होणार कसा. आज माणसात अशी २३ एमएमपी माहीत आहेत, सगळ्यांच्या पोटात झिंक, आणि बहुतेक सगळी बाहेर पडताना झाकलेल्या, म्हणजे बंद, अवस्थेत असतात, सिस्टीन हे एक अमिनो आम्ल त्या झिंकला धरून बसलेलं असतं. वर लगाम घालायला चार टिंप, म्हणजे एमएमपींना अडवणारी शरीरातलीच प्रथिनं, आहेतच.

भरून गेलेल्या व्रणातही हे काम चालूच असतं. आधीचं टाइप थ्री कोलॅजन जाऊन टाइप वन येतं, महिनोन् महिने ही तोडजोड चालते, तरी व्रणाला मूळ कातडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंतच ताकद येते. स्कर्व्हीत जुन्या बुजलेल्या जखमा परत उघडायच्या त्या यामुळंच, व्हिटॅमिन सी नाही म्हणून नवं कोलॅजन धड बनत नाही पण जुनं तोडणं काही थांबत नाही.

मग अडवायचं कुठं? डायबेटिसच्या पायाच्या जखमेत. तिथं न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हटतच नाहीत, एमएमपी-८ आणि ९ चा पूर येतो, टिंप कमी पडतात, पेशी वाढवणारे ग्रोथ फॅक्टरसुद्धा कापले जातात आणि जखम महिनोन् महिने तशीच चिघळत राहते. पण तिथंही सरसकट नाही हं. डायबेटिक उंदरांत एमएमपी-९ अडवल्यावर जखम लवकर भरली आणि एमएमपी-८ मात्र मदतीचं निघालं. सरसकट अडवल्यावर काय होतं ते कॅन्सरवाल्यांनी मॅरिमास्टॅट या एमएमपी अडवणाऱ्या औषधाच्या वेळी बघितलंय, सांधे धरले आणि फायदा म्हणावा तसा झाला नाही. त्यामुळं तुझा प्रश्न ‘किती अडवतं’ एवढाच ठेवू नकोस, कुठलं अडवतं आणि जखमेच्या कितव्या दिवशी, हे लिही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते झायमोग्राम, म्हणजे जिलेटिन घातलेल्या जेलमधे एन्झाइमचं काम पट्ट्यांनी दाखवणारी टेस्ट. सॅम्पल उकळायचं नाही, प्रथिनातले सल्फरचे बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही, ट्रायटन या सौम्य डिटर्जंटनं एसडीएस हे कडक डिटर्जंट नीट धुऊन काढायचं, मग कॅल्शियमच्या बफरमधे रात्रभर ३७ डिग्रीला. कुमासीचा रंग लावल्यावर निळ्या जेलवर ९२ आणि ७२ किलोडाल्टनच्या (प्रथिनाच्या वजनाचं माप) आसपास, जिलेटिन खाल्लं गेलेल्या जागी, पांढरे पट्टे दिसतील, ते एमएमपी-९ आणि २. तू बफरमधे अर्क घालणार आणि पट्टे गेले की ‘इनहिबिशन’ लिहिणार. थांब तिथं. तुझ्या यादीत हिरडा आहे, बाभळीची साल आहे. आपल्याकडं चपलेचं चामडं याच दोन गोष्टींनी कमावतात, त्यातलं टॅनिन कोलॅजनला असं धरून बसतं की एन्झाइमला ते तोडता येत नाही. तेच टॅनिन तुझ्या जेलमधल्या जिलेटिनला धरणार, एन्झाइमलाही चिकटणार, वर झिंकही पकडू शकतं. पट्टा गेला म्हणजे औषध सापडलं असं नाही, जेल कमावलं गेलं असंही असू शकतं! असले निकाल बघून माझा जीव तुटतो गं, कारण पोरांनी राबून काम केलेलं असतं.

म्हणून अर्क टॅनिन धरून ठेवणाऱ्या पीव्हीपीपी पावडरीमधून काढून टॅनिन घालव आणि आधीचा-नंतरचा दोन्ही चालव. एक लेन ईडीटीएची ठेव, ते धातू पकडून एमएमपी बंद पाडतं. आणि जिलेटिनशिवाय, छोट्या फ्लुरोसंट पेप्टाइडवर (कापल्यावर चमकणाऱ्या प्रथिनाच्या तुकड्यावर) तीच टेस्ट परत कर, तिथंही अर्क टिकला तर मला फोन कर, कितीही वाजलेले असू देत.

पेशंटच्या जखमेतलं पाणी लागणार असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी पाहिजे, त्याला वेळ जातो, तेव्हा अर्ज याच आठवड्यात टाक आणि पहिलं पान बदलून मला परत पाठव.