विचारा स्केटिंगबद्दल : धक्का लागला नाही, तरी बाद कसं?

प्रश्न : मॅडम, माझी मुलगी ११ वर्षांची आहे, इनलाइन (एका रांगेत चाकं असलेलं) स्केटिंग करते. परवा ५०० मीटरला ती पहिली आली आणि लगेच पंचांनी तिला बाद केलं. का, तर शेवटच्या स्ट्रेटला, म्हणजे फिनिशआधीच्या सरळ भागात, आतून बाहेर सरकली म्हणे. व्हिडिओत नीट दिसतंय, मागच्या मुलीला हातसुद्धा लागलेला नाही. पोरगी रडून रडून बेजार झालीय. हा अन्याय नाही का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, पोरीचं वाईट वाटलं. पण तुम्ही लिहिलंय तसंच घडलं असेल, तर पंच बरोबर आहेत. शेवटच्या स्ट्रेटला ज्या रेषेत आलात, त्याच रेषेत शेवटपर्यंत जायचं, असा नियम आहे. धक्का लागायलाच हवा असं नाही, मागच्याची वाट अडली तरी पुरे.

तो व्हिडिओ पुन्हा लावा आणि या वेळी आपली लेक सोडून मागच्या मुलीचे पाय बघा. ढांग मध्येच तुटते का? वाकलेली ती एकदम ताठ होते का? स्पीडच्या स्केटला ब्रेक नसतो. मागची मुलगी कमरेत वाकून, पुढचीच्या टाचेपासून हातभर अंतरावर पळत असते. पुढची आडवी आली की तिला एकतर ढांग तोडावी लागते, नाहीतर तिचं चाक पुढचीच्या चाकाला भिडतं आणि दोघी तोंडावर येतात. हेल्मेट डोकं वाचवतं, दात नाही. म्हणून पंच म्हणून उभी असताना माझी नजर पहिल्या मुलीपेक्षा दुसरीच्या पायांवर जास्त असते.

लेकीने हे मुद्दाम केलेलं नसणार. वळणातून सुटताना वेग बाहेर फेकतो, त्यात पाय दमलेले असतात. आपल्याकडे क्लासला लॅप मोजून घेतात, पण फिनिश कुणी घोटून घेत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. सरावाच्या जागी खडूने वळणापासून फिनिशपर्यंत दोन रेघा मारा आणि दमल्यावर, सगळ्यात शेवटी, तिला त्या रेघांमधून स्प्रिंट मारायला लावा. ताज्या पायांनी सगळ्यांनाच सरळ जाता येतं.

प्रश्न : रिलेत सर बाहेरून ओरडले म्हणून मुलाने पुढच्या गड्याला पाळी देताना ठरलेल्या पट्ट्याबाहेर पुश दिला (ढकललं) आणि अख्खी टीम बाद झाली. चूक सरांची, शिक्षा मुलांना का?
— एक वडील, कसबा बावडा

उत्तर : दादा, हे ऑलिम्पिकमध्येही झालंय. २०१० साली व्हँकुव्हरला बर्फावरची १०,००० मीटर शर्यत होती. तिथे ४०० मीटरच्या ट्रॅकवर दोघंच पळतात आणि दोघांना सारखंच अंतर पडावं म्हणून दर फेरीला लेन बदलतात. नेदरलँड्सचा स्वेन क्रामर बाहेरच्या लेनकडे निघाला होता. त्याचे कोच गेरार्ड केमकर्स यांनी त्याला आत जायला सांगितलं, तो आत गेला. वेळ त्याचीच सगळ्यांत कमी, दुसऱ्यापेक्षा चार सेकंदांनी. तरी तो बाद झाला आणि सुवर्ण कोरियाच्या ली सेउंग-हूनला मिळालं. शर्यत खेळाडूची असते, म्हणून नियम त्याच्याच तोंडपाठ हवेत. मुलाला पट्टा कुठून कुठवर आहे ते शर्यतीआधी स्वतः चालत जाऊन बघायला सांगा. आणि दाद मागायची तर टीमच्या मॅनेजरमार्फत, वेळेत. पालकांनी रिंकवर उतरून पंचांशी हुज्जत घालू नये, त्याचा त्रास शेवटी मुलालाच होतो.

प्रश्न : फिनिशला छाती धरतात की पाय?
— नववीतला स्केटर, इचलकरंजी

उत्तर : पाय रे बाळा. पुढच्या स्केटचं पहिलं चाक. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला पुरुषांची ३,००० मीटर रिले झाली. कोरियाच्या शेवटच्या गड्याने रेषेच्या अलीकडेच दोन्ही हात वर केले. मागून तैवानच्या हुआंग यू-लिनने पाय पुढे टाकला आणि ०.०१ सेकंदाने सुवर्ण नेलं. आपल्या खासबागेतल्या कुस्तीत समोरच्याची पाठ टेकल्याशिवाय कुणी जिंकल्याचे हात वर करतो का? त्याच शर्यतीत भारताला कांस्य मिळालं. त्या टीममधला आनंदकुमार वेलकुमार २०२५ मध्ये १,००० मीटरचा जगज्जेता झाला. त्याच्या शर्यती बघ, शेवटच्या ढांगेला पाय कसा टाकतो ते बघ. आणि उद्यापासून प्रत्येक स्प्रिंटला, एकटा पळत असलास तरी, पाय पुढे टाकूनच रेषा ओलांड.