‘मला’ खोड आणि ‘मी’ लिही

प्रिय मुला,

तुझी वही माझ्याकडेच राहिली. चहाचा कप घेताना तू ती खिडकीत ठेवलीस आणि मग लोकल चुकेल म्हणून तसाच पळालास. दुसऱ्याची वही मी उघडत नाही. पण ते एक पान तूच मला दाखवलं होतंस, म्हणून तेवढंच पुन्हा वाचलं. त्यानंतर झोप लागली नाही.

निळ्या शाईत, खाली दोनदोन रेघा मारून तू लिहिलं आहेस: मार्चपर्यंत चांगला एजंट मिळावा. डिसेंबरपर्यंत दोन जाहिराती मिळाव्यात. पुढच्या वर्षी वेब सिरीजमध्ये काम मिळावं. पंचविशीच्या आत लीड मिळावा. इन्स्टाग्रामवर एक लाख फॉलोअर्स व्हावेत. वजन ७८वरून ६८ व्हावं.

सहा ओळी, आणि एकाही ओळीत तू नाहीस.

शाळेत व्याकरण शिकलायस ना? मग कर्ता शोध. ‘मला एजंट मिळावा’ या वाक्यात क्रियापद एजंटच्या मागून चालतं. तू त्या ‘मला’मध्ये हात पसरून उभा आहेस. देणारा कोण, तो कधी देणार, देणार की नाही, यातलं काही तुझ्या हातात नाही. असं वाक्य नवस म्हणून ठीक आहे. देवापुढे म्हण, मी अडवणार नाही. पण ध्येयांच्या वहीत ते नको. तिथं ‘मी’नं सुरू होणारी आणि ‘करीन’वर संपणारी वाक्यंच लिहायची. ‘मला’ दिसला की खोडायचा.

तू म्हणशील, ताई शब्दांचा कीस पाडतायत. पाडते, कारण या कीस पाडण्यावर माझी आठ महिन्यांची किंमत लागली आहे. ती सांगते.

१९९७ साली मी मुंबईत दोन वर्षांची जुनी होते. सांगलीहून आलेली, गोरेगावला मावशीकडे राहणारी. माझ्याही वहीत एकच ओळ होती: ‘३१ डिसेंबर १९९८च्या आत मला सिनेमा मिळावा.’ आणि खरंच एका सिनेमासाठी बोलावणं आलं. लुक टेस्ट झाली. ‘तुम्ही लॉक आहात, तारखा मोकळ्या ठेवा,’ असं सांगितलं. कागद नाही, पैसे नाहीत, नुसता शब्द. त्याच आठवड्यात एका नाटकाच्या तालमी सुरू व्हायच्या होत्या. माझं काम मोठं होतं, दिग्दर्शकानं महिनाभर आधी सांगून ठेवलेलं. मी नाही म्हटलं, कारण माझ्या वहीत सिनेमा लिहिलेला होता.

मग वाट पाहणं सुरू झालं. मावशीकडे फोन नव्हता, शेजारच्या जोशीकाकूंकडे होता. त्यांच्या दाराशी चप्पल वाजली की मी उठून बसायची. आठ महिने मी ना आवाजाचा रियाज केला, ना काही वाचलं, ना कुणाच्या तालमीला जाऊन बसले. मी ‘लॉक’ होते ना. शेवटी त्या सिनेमाच्या मुहूर्ताची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली. फोटोत दुसरी मुलगी होती.

नाटक मात्र चाललं. दौऱ्यावर निघालं, सांगलीला भावे नाट्यमंदिरात प्रयोग लागला. माझ्या वडिलांनी तिकीट काढलं. मी त्यात नाही हे त्यांना माहीत होतं, तरी गेले. चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यातली एक ओळ मला आजही त्यांच्या अक्षरासकट दिसते: ‘प्रयोग रंगला. तुझं काम करणाऱ्या मुलीचा आवाज पार मागपर्यंत येत होता.’

तुझं काम करणाऱ्या मुलीचा. त्यांनी टोमणा मारला नव्हता, त्यांचा तो स्वभावच नव्हता. म्हणून ते जास्त लागलं.

आता तुझ्याकडे वळते. परवा बोलता बोलता तू सहज सांगून गेलास की त्या एकांकिकेतून तू बाहेर पडलास, कारण एका सिरीजसाठी तुला ‘होल्ड’वर ठेवलंय. किती दिवस झाले? तीन आठवडे. अरे, होल्ड म्हणजे काय हे तुला कुणी सांगितलं नाही का? एका भूमिकेसाठी एकाच वेळी तीन-चार मुलं होल्डवर असतात. त्याचे पैसे मिळत नाहीत, आणि ‘तू आता मोकळा आहेस’ असं सांगायला कुणी फोनही करत नाही. तू तालीम सोडलीस तेव्हा त्या लोकांचं काहीच गेलं नाही. गेलं ते तुझं. राग येतो मला. तुझ्यावर येतो, आणि १९९७च्या त्या मुलीवरही.

आरामनगरात, त्या वर्सोव्याच्या ऑडिशनच्या गल्ल्यांत, दोन तास रांगेत उभं राहून दारातूनच ‘नॉट फिट’ ऐकलंस, आणि मला विचारलंस, ‘मग मी फिट कशात आहे?’ त्या प्रश्नावर मी गप्प बसले, कारण तुझा चेहरा पाहवेना. आता उत्तर देते. ‘नॉट फिट’ हा त्या दिवशीच्या त्या एका भूमिकेचा निकाल असतो. त्यांना बँकेतला पस्तिशीचा माणूस हवा असेल, आणि तू चोविशीचा. त्यात तुझ्या अभिनयाचं मोजमाप कुठे झालं? तू तोंड उघडलंच नव्हतंस. पण तुझं ध्येय ‘मला मिळावं’ असं असल्यामुळे तो नकार थेट ध्येयावर बसला. तेच ‘मी या आठवड्यात तीन ऑडिशन पूर्ण तयारीनं देईन’ असं असतं, तर रांगेतून परत येऊन तू संध्याकाळी वहीत ‘एक’ असं लिहिलं असतंस आणि जेवला असतास.

ध्येय मोठं नको का, असं तू विचारलंस. हवं की. ‘मी’चं वाक्य लहानच असतं असं कुणी सांगितलं? छबिलदासची गोष्ट बघ. १९७१मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे या मंडळींनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली. प्रायोगिक नाटकाला परवडेल असं थिएटर मुंबईत नव्हतं. ‘आम्हाला थिएटर मिळावं’ म्हणत ते बसले असते, तर आजही बसलेले असते. १९७४पासून त्यांनी दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग लावायला सुरुवात केली. पुढे इतर संस्था, इतर भाषांतली नाटकंही तिथं आली, आणि एका शाळेच्या नावानं चळवळ ओळखली जाऊ लागली. ‘आम्ही प्रयोग करू’ यापेक्षा मोठं ध्येय मला तरी माहीत नाही.

आणि पंचविशीची ती रेघ. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. १९६९मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, ते डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. हे उदाहरण सगळे देतात, पण त्यातलं अर्धंच सांगतात. ते काही ४२व्या वर्षी अचानक रंगमंचावर येऊन उभे राहिले नाहीत. आधीची कितीतरी वर्षं पुण्यात पीडीए, मुंबईत रंगायन या नाट्यसंस्थांमध्ये ते काम करतच होते, दवाखाना सांभाळून. वाट बघत नव्हते, करत होते. हा फरक कळला तर पंचविशीची रेघ तू स्वतःच पुसशील.

मॉडेलिंगबद्दल तू विचारलंस, ते थोडक्यात. रॅम्पसाठी मुलांची उंची सहा फुटांच्या आसपास मागतात, तू पाच फूट आठ. तिकडे डोकं आपटू नकोस. प्रिंट, कॅटलॉग आणि जाहिराती तुझ्या आहेत, तुझा चेहरा ओळखीच्या घरातला वाटतो आणि त्याला काम असतं. पोर्टफोलिओत साठ फोटो आहेत, सहा ठेव. साध्या टी-शर्टात, मेकअपशिवाय, खिडकीच्या उजेडात काढलेले समोरचा, दोन्ही बाजूंचे आणि पूर्ण उंचीचा असे चार त्यात हवेतच. नोंदणीचे किंवा ऑडिशनचे पैसे मागितले की उठून यायचं, कारण विचारत बसायचं नाही.

आणि जाहिरात म्हणजे अभिनय नव्हे, हे जे तू नाक मुरडून बोललास, ते मला आवडलं नाही. चहाच्या एका जाहिरातीत मी आईचं काम केलं होतं. एक घोट घ्यायचा आणि डोळे मिटायचे, बस. कपाचा कान उजवीकडे, नाव कॅमेऱ्याकडे, घोट घेताना वाफ चेहऱ्यावरून जायला हवी. पायाशी एक बादली ठेवली होती, कारण एवढा चहा पोटात मावत नाही. प्रत्येक टेकनंतर घोट बादलीत थुंकायचा, ओठ टिपायचे, ओठांचा रंग नीट करून घ्यायचा आणि पुन्हा पहिलाच घोट असल्यासारखे डोळे मिटायचे. असे चाळीसएक टेक झाले. तिसाव्या टेकनंतर मला पहिल्यांदा कळलं की मी आजवर डोळे मिटायचे ते भुवया उचलून. हे मला कुठल्या नाटकानं सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी कामाला गेले आणि काम शिकून आले.

वहीतली वजनाची ओळ खोड. दहा किलो उतरतील की सात, हे तुझं शरीर ठरवेल. ‘मी आठवड्यातून पाच दिवस पोहायला जाईन’, हे तू ठरवशील. फॉलोअर्सची ओळही तशीच. ‘दर रविवारी मी एक मिनिटाचा उतारा चित्रित करीन’ एवढं लिही, लाख मोजायचं काम लोकांवर सोड.

आणखी एक ओळ तुझ्या वहीत हवी होती आणि नाही. परवा तू हिंदीत ‘चादर’ म्हणालास ते सोलापुरी चादरीतल्या ‘च’नं. ‘जरा’चंही तेच. आपल्या मराठीत कितीतरी शब्दांत च, ज, झ दातांशी येतात, हिंदीत ते टाळूला लागायला हवेत, आणि ‘ज़रा’मधला नुक्ता, म्हणजे ज-खालचा तो ठिपका, तर आपल्याला ऐकूच येत नाही. ‘मराठी टच येतो’ म्हणून परत पाठवतात ते यासाठी. मराठी काम करताना हा च सोन्यासारखा आहे, तो घालवू नकोस, पण दुसराही कमव. ‘मी रोज सकाळी वीस मिनिटं हिंदी मोठ्यानं वाचीन.’ बघ, याला एजंट लागत नाही.

पैशांचं. मालिकेतल्या कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी हातात येतात. म्हणजे आज काम लागलं तरी तीन महिने भाडं तुझ्याच खिशातून जाणार. जाहिरात करताना आकडा ऐकून हुरळून जाऊ नकोस. ती किती काळ दाखवणार, टीव्हीवर, होर्डिंगवर की फक्त इंटरनेटवर, हे आधी विचार. बिस्किटाची एक स्वस्त जाहिरात मुदत न विचारता केलीस, तर ती चालू असेपर्यंत दुसरा बिस्किटवाला तुला उभा करणार नाही. ‘मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवीन आणि त्यासाठी सकाळच्या शिकवण्या घेईन.’ त्यात कमीपणा वाटून घेऊ नकोस. भाड्याच्या धाकानं केलेली ऑडिशन कॅमेऱ्यात दिसते.

माझ्याबद्दलही तू काही ऐकलं असशील. २००९मध्ये मला एका मालिकेत सासूचं काम आलं होतं, महिन्याचे बावीस दिवस. माझ्या नाटकाचे प्रयोग लागलेले होते, मी नाही म्हटलं. माझी बहीण आजही म्हणते, तू घाबरलीस, नाहीतर आज डोंबिवलीत भाड्यानं राहिली नसतीस. मी घाबरले नव्हते. मी तारखा दिल्या होत्या, सहा माणसांचे प्रयोग माझ्यावर होते. १९९७मध्ये मी एका दिग्दर्शकाला तोंडघशी पाडलं होतं, दुसऱ्यांदा पाडणार नव्हते. घर झालं असतं, हे खरं आहे. पण २०००पासून दर महिन्याला मी एक नवा उतारा पाठ करते, आजारपणातले चार महिने सोडले तर एकही चुकला नाही. तीनशेच्या वर झालेत. रात्री दोनला उठवलंस तरी त्यातला कुठलाही उभं राहून करीन. हे मला कुणी दिलेलं नाही, म्हणून ते काढूनही घेता येत नाही. बहिणीला हे पटत नाही. तुला पटावं असं मला फार वाटतं, कदाचित गरजेपेक्षा जास्त. असो. हे पत्र तुझ्याबद्दल आहे.

तुझ्यात आवाज आहे. महाविद्यालयातल्या त्या एकांकिकेत तू पाठमोरा बसून बोललास, तरी शेवटच्या रांगेत मला प्रत्येक शब्द ऐकू आला होता. ते उगाच होत नाही. म्हणूनच तो तीन आठवडे होल्डवर पडून राहिलेला मला बघवत नाही.

एकांकिकेच्या दिग्दर्शकाला आजच फोन कर. तुझ्या जागी दुसरा मुलगा उभा राहिला असेल तर हट्ट करू नकोस. ‘मी प्रकाश सांभाळतो, पडदा ओढतो, तालमीला बसू द्या’ असं सांग. सिरीजवाल्यांना एक मेसेज टाक की अमुक तारखांना माझी तालीम आहे, तुमच्या तारखा नक्की झाल्या की कळवा. यापेक्षा जास्त सौजन्य तू त्यांचं देणं लागत नाहीस.

फोन झाला की वही न्यायला ये. सोमवारी माझा प्रयोग नाही, दुपारी दोननंतर घरीच आहे. पेन आण, ते पान आपण इथंच बसून पुन्हा लिहू. आणि येताना तो नुक्त्याचा ‘ज़’ घोकून ये, दारातच म्हणायला लावीन.

तुझी,
ताई